यंत्राचा डोळा, माणसाचा हात

‘काला अंब’ हे नाव ऐकले की मराठी माणसाला पानिपत आठवते. १४ जानेवारी १७६१ रोजी जेथे मराठ्यांचा पराभव झाला, त्या रणभूमीवरील आंब्याच्या झाडावरून त्या जागेला हे नाव पडले, असे सांगतात. ते झाड केव्हाच गेले. आज तेथे स्मारक उभे आहे. परंतु ज्या काला अंबविषयी येथे लिहावयाचे आहे, ते गाव वेगळे. दिल्लीहून उत्तरेस निघाले की पानिपत मागे पडते, पुढे अंबाला लागते आणि तेथून नारायणगढमार्गे नाहनकडे जाताना, हरियाणाची हद्द संपून हिमाचल प्रदेशातील सिरमौर जिल्हा जेथे सुरू होतो, तेथे हे औद्योगिक गाव वसले आहे. त्रिलोकपूरच्या बालासुंदरी देवीला जाणारे भाविक याच वाटेने जातात. २००३ मध्ये केंद्र शासनाने हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड येथील नव्या उद्योगांना करसवलती जाहीर केल्या. त्यानंतर बद्दी, पांवटा साहिब, काला अंब अशा सीमेलगतच्या गावांत कारखाने झपाट्याने वाढले. त्यांत औषधांचे कारखाने बरेच आहेत. आपल्या घरातील गोळ्यांच्या पाकिटावरील बारीक अक्षरे एकदा वाचून पाहा. उत्पादनाचे ठिकाण म्हणून सोलन किंवा सिरमौर जिल्ह्याचे नाव तेथे अनेकदा आढळेल.

गोळी तयार झाली म्हणजे औषध तयार झाले, असे आपण समजतो. कारखान्याच्या दृष्टीने मात्र तेव्हा अर्धेच काम झालेले असते. तयार गोळ्या वेष्टन विभागात येतात. तेथे एका यंत्रात प्लॅस्टिकची पट्टी तापवून तिच्यात खळगे पाडले जातात, प्रत्येक खळग्यात एक गोळी पडते, वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवला जातो, त्यावर उत्पादनाचा गट क्रमांक, तारीख व मुदत छापली जाते आणि पट्टी कापली जाते. कापलेल्या पट्ट्या फिरत्या पट्ट्यावरून पुढे सरकतात. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसलेली असतात. लहान कारखान्यांत त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. कोणी रिकामा खळगा दिसतो का ते पाहते, कोणी पुठ्ठ्याचे चपटे पाकीट उघडून त्याचा डबा करते, कोणी त्यात पट्टी आणि घडी घातलेले माहितीपत्रक सरकवते, कोणी लेबल लावते, कोणी मोठ्या खोक्यात पाकिटे मोजून भरते. स्वयंचलन म्हणजे यांतील एकेक काम यंत्राकडे सोपवणे. रिकामा खळगा कॅमेरा शोधतो. पाकीट यंत्रच उघडते, भरते आणि बंद करते. माहितीपत्रक राहून गेले तर पाकीट किंचित हलके भरते. ते चालत्या पट्ट्याखालचा काटा ओळखतो आणि बाजूच्या पेटीत ढकलून देतो.

ही यंत्रे यावीत की येऊ नयेत? माझे उत्तर प्रथमच सांगतो. औषधाच्या बाबतीत ती यावीत, आणि लवकर यावीत. परंतु ज्या क्रमाने आज ती येत आहेत, तो क्रम मला मान्य नाही.

यावीत असे का म्हणतो, ते आधी पाहू. समजा, एका यंत्रातून मिनिटाला २०० पट्ट्या बाहेर पडतात. म्हणजे तासाला १२,००० आणि आठ तासांच्या पाळीत ९६,०००. त्यांतील एखाद्याच पट्टीचा खळगा रिकामा आहे किंवा एखाद्याच पट्टीवर मुदतीची तारीख उमटलेली नाही. ती एक पट्टी नजरेने टिपावी, अशी अपेक्षा आपण माणसाकडून करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये रडारच्या पडद्यावर टक लावून बसणाऱ्या सैनिकांच्या हातून खुणा सुटू लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्याचा शोध घेतला. घड्याळाच्या काट्यासारखा एक काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरके आणि क्वचित एखादे वेळी दुप्पट उडी मारी; ती उडी दिसताच बसलेल्याने खूण करावयाची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुकणाऱ्या उड्यांची संख्या वाढत असल्याचे त्याला आढळले. त्याचे हे संशोधन १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. यात आळसाचा वा निष्काळजीपणाचा भाग नाही. माणसाच्या लक्षाची ती स्वाभाविक मर्यादा आहे. म्हणून पाळीच्या सातव्या तासाला एखाद्या बाईच्या नजरेतून पट्टी निसटली आणि तिला बोलणी खावी लागली, तर दोष तिचा नाही. ते काम तिला देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

लेबलची चूक तर याहून घातक. एका औषधाचे लेबल दुसऱ्याच बाटलीला लागले, तर आत औषध कितीही शुद्ध असो, रोग्याच्या दृष्टीने ते विषच ठरू शकते. म्हणूनच एका गटाचे काम संपले की पट्टा रिकामा करून शिल्लक लेबले मोजायची, किती आली, किती लागली, किती फाटली याचा हिशेब जुळवायचा आणि मगच दुसरा गट सुरू करायचा, असा औषध कारखान्यांत नियम आहे. आता त्यात आणखी भर पडली आहे. केंद्र शासनाच्या नियमानुसार १ ऑगस्ट २०२३ पासून उत्पादित होणाऱ्या ३०० ठरावीक औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले. औषधाचे मूळ नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, गट क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख, परवाना क्रमांक ही माहिती त्या चौकटीतून वाचता आली पाहिजे. ती काळीपांढरी चौकट बरोबर छापली आहे की नाही, हे माणसाचा डोळा कितीही तीक्ष्ण असला तरी वाचू शकत नाही. ते यंत्रालाच वाचावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये औषध निर्मितीच्या उत्तम पद्धतींविषयीचे नियमही सुधारून अधिक कडक करण्यात आले. तेव्हा काला अंबच्या लहान कारखानदारापुढेही आता ‘यंत्र घ्यावे का’ हा प्रश्न फारसा उरलेला नाही. ‘केव्हा आणि कसे’ एवढाच उरला आहे.

आता दुसरी बाजू. पट्ट्याशेजारी बसलेल्या माणसांचे काय?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी मालकांची योजना होती आणि संपामागील ते एक मोठे कारण होते. कामगार अडाणी होते, त्यांना सुधारणा नको होती, असे त्यांच्याविषयी म्हटले जाते. ते मला पटत नाही. तीन माग चालू शकतात की नाही, हा त्यांचा वाद नव्हता. तिसऱ्या मागावरचा माणूस कोठे जाणार आणि वाढलेल्या कामाचा मोबदला कोणाच्या खिशात पडणार, हे त्यांना विचारायचे होते. जवळजवळ शंभर वर्षांनंतर काला अंबच्या, वाळूजच्या, तारापूरच्या किंवा गोव्यातील वेर्ण्याच्या पट्ट्यावर हाच प्रश्न विचारला जातो. फरक इतकाच की आता तो दबक्या आवाजात विचारला जातो, कारण विचारणारा बहुधा कंत्राटदारामार्फत आलेला असतो.

यंत्र नाकारण्याचाही एक मार्ग आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच मुंबईत घडले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी उसन्या घेतलेल्या ८० रुपयांवर पापड लाटण्यास सुरुवात केली. तेच पुढे लिज्जत पापड तयार करणारे श्री महिला गृह उद्योग झाले. पीठ संस्थेच्या शाखेत मळले जाते, भगिनी ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि पापड परत आणून देतात. पापड लाटणारी यंत्रे बाजारात मिळत असूनही या संस्थेने लाटण्याचे काम हातांकडेच ठेवले, कारण स्त्रियांना घरबसल्या काम मिळावे हाच तिचा मूळ हेतू आहे आणि लाटणारी प्रत्येक भगिनी त्या संस्थेची सहमालकीण आहे. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या कामाचा यथोचित गौरव झाला, असे मला वाटले. पण पापडाचा न्याय गोळीला लावता येत नाही. पापड एखादा जाड, एखादा पातळ झाला तर जेवणाऱ्याचे काही बिघडत नाही. हृदयविकाराच्या गोळीच्या बाबतीत तशी सवलत नाही. शिवाय काला अंबच्या पट्ट्यावर बसलेली स्त्री कारखान्याची मालकीण नाही. यंत्र आणायचे की नाही, हे ठरवताना तिला कोणी विचारीत नाही.

विचारावे, असे कायदा पूर्वीपासून सांगत आला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद होती की, ज्या यांत्रिक सुधारणेमुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे, ती करण्यापूर्वी मालकाने कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही ही नोटीस कायम ठेवली. या संहितेत एक नवी गोष्ट आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरावी आणि ती ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हावी, अशी ही योजना आहे. तरतूद चांगली आहे, यात शंका नाही. तरीही मला तिच्यात उणीव दिसते. हा निधी काम गेल्यानंतर हाती येतो. पंधरा दिवसांच्या पगारात नवी विद्या शिकता येत नाही. त्यात फार तर खोलीचे भाडे आणि महिन्याचा किराणा भागतो. आणि कंत्राटी कामगाराची तर अनेकदा ‘कपात’ होतच नाही. कंत्राटदार त्याला उद्यापासून येऊ नको म्हणतो, आणि गोष्ट तेथेच संपते.

क्रम मान्य नाही असे मी म्हटले, ते या कारणाने. आज यंत्र आधी येते, ते बसवायला कंपनीचा तंत्रज्ञ येतो, तो दोन दिवस एकदोघा पर्यवेक्षकांना बटणे दाखवतो आणि निघून जातो. मग माणसे कमी होतात आणि सरतेशेवटी प्रशिक्षणाची गोष्ट निघते, तीही कागदावर. हा क्रम उलटा करणे अवघड नाही. यंत्राची मागणी नोंदवल्यापासून ते कारखान्यात पोचेपर्यंत बराच काळ जातो. त्याच काळात पट्ट्यावरच्या माणसांतून यंत्र चालवणारे निवडावेत आणि त्यांना पगारी वेळेत शिकवावे. यात मालकाचेही नुकसान नाही. कॅमेरा कसा फसतो, हे त्यांनाच लवकर कळते. ॲल्युमिनियमचा पत्रा चकचकीत असतो. दिव्याचा कोन जरा बदलला की त्याची चमक कॅमेऱ्याला दोष वाटते आणि चांगल्या पट्ट्याही बाद होऊन पेटीत पडतात. उलट, कॅमेऱ्याची संवेदनशीलता कमी केली की खरे दोष सुटू लागतात. पेटीतल्या पट्ट्या हातात घेऊन ‘हा छपाईचा दोष आहे, हा दिव्याचा’ असे सांगणारे माणूस लागतेच. ज्या बाईने वर्षानुवर्षे पट्ट्या हाताळल्या आहेत, तिच्याइतके ते कोणाला सांगता येणार? बाहेरून आणलेल्या पदविकाधारकाला ही नजर यायला बराच काळ लागेल.

येथे कारखानदाराची एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. यंत्र चालवणाऱ्याला नोंदी लिहाव्या लागतात. गट क्रमांक, वेळ, बाद पट्ट्यांची संख्या, यंत्र का थांबले त्याचे कारण, हे सारे. औषध निरीक्षक येतो तेव्हा तो प्रथम या नोंदी पाहतो. ज्याला लिहिता-वाचता येत नाही किंवा जेमतेम येते, त्याच्या हाती हे काम कसे द्यावे, हा प्रश्न खोटा नाही. सहावी-सातवीत शाळा सुटलेल्या, पण बोटांत आणि नजरेत कौशल्य असलेल्या माणसाची वाट नेमकी येथे अडते. आयटीआयमधील बहुतेक अभ्यासक्रमांना दहावी उत्तीर्ण असावे लागते. मुक्त विद्यालयाचे दहावीचे प्रमाणपत्र त्यासाठी चालते. पाळी संपवून अभ्यासाला बसणे किती कष्टाचे असते, हे या पुस्तकाच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. तेव्हा कारखान्याने निदान परीक्षेच्या दिवसांत पाळी बदलून द्यावी, एवढी मागणी वाजवी आहे.

राहता राहिला यंत्राच्या भाषेचा प्रश्न. तो किरकोळ वाटतो, पण माझ्या मते तो तसा नाही. नव्या यंत्राला एक छोटा पडदा असतो आणि बिघाड झाला की त्यावर सूचना उमटते. ही सूचना बहुधा इंग्रजीत असते. काला अंबच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले, हिंदी बोलणारे पुष्कळ कामगार आहेत. वाळूजला मराठवाड्यातील मराठी बोलणारे आहेत. सूचना वाचता आली नाही की माणूस पर्यवेक्षकाला शोधत फिरतो आणि तोवर पट्टा चालूच राहतो. पडद्यावरील मजकूर हिंदीत, मराठीत करून देणे यंत्र बनवणाऱ्यांना अशक्य नाही. परदेशी ग्राहकांसाठी ते तो त्यांच्या भाषेत देतातच. आपल्याकडे तो मिळत नाही, कारण यंत्र विकत घेणारा तशी मागणी करीत नाही. यंत्राच्या खरेदीपत्रात किंमत, वेग, हमीचा काळ हे सारे लिहिलेले असते. त्यातच एक ओळ वाढवावी: पडद्यावरील सर्व सूचना कामगारांच्या भाषेत असतील आणि पट्टा थांबवण्याचे तांबडे बटण त्यांच्या हाताच्या अंतरावर असेल.