पाऊस तिकडे, भाव इकडे!

लातूरची बाजार समिती सोयाबीनसाठी प्रसिद्ध आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथे पोत्यांच्या थप्प्याच्या थप्प्या लागतात. आता एक कोडं सोडवा पाहू. समजा, काल आणि आज माल तोच, ओलावा तोच, आवकही तेवढीच. तरी आज क्विंटलमागे शंभर रुपये कमी! असं का व्हावं? दर वेळी आडत्याच लबाड असतो असं नाही, बरं का!

उत्तरासाठी आधी सोयाबीनचा दाणाच फोडून पाहू. १०० किलो दाण्यांतून साधारण १८ किलो तेल निघतं. उरते ती बहुतेक पेंड, जी कोंबड्यांच्या खाद्यात वापरतात. तेलाला आणि पेंडीला जसा भाव, तसा दाण्याला. आणि आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयातेल, रशिया-युक्रेनचं सूर्यफूल तेल. हे तेल स्वस्त झालं, की आपल्या गिरणीवाल्यालाही दाण्याला जास्त भाव देणं परवडत नाही.

मग बाहेरच्या तेलाचा भाव कशानं हलतो? पहिलं कारण आभाळ. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मोठा दुष्काळ पडला. शिकागोच्या वायदे बाजारात सप्टेंबरमध्ये सोयाबीन बुशेलला जवळजवळ १८ डॉलरवर गेलं. (सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो.) तोवरचा तो उच्चांक होता. पण दुष्काळ पडला की भाव भडकतोच, असंही नाही. २०२२-२३ च्या हंगामात अर्जेंटिनाचं पीक पाण्यावाचून आधीच्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आलं. शेजारच्या ब्राझीलमध्ये मात्र विक्रमी पीक आलं आणि जगाची तूट बरीचशी भरून निघाली. म्हणजे एकाच देशाचं आभाळ पाहून भागत नाही.

दुसरं कारण पैसा. या तेलाचा सौदा बहुतेक डॉलरमध्ये होतो. समजा, तेल टनाला १००० डॉलर आहे, म्हणजे किलोला १ डॉलर. हिशेब सोपा झाला ना? मे २०१३ मध्ये डॉलर सुमारे ५५ रुपयांना होता. ऑगस्टअखेर तो ६८ च्या घरात गेला. म्हणजे तिकडे भाव तसूभरही न हलता आपल्याला तेच तेल किलोमागे १३ रुपयांनी महाग!

अर्जेंटिनात तर याहून गंमत झाली. तिथला पेसो सारखा घसरत होता. मग सोयाबीन विकून पेसो हातात घ्यायचे कशाला? शेतकऱ्यांनी लांबच लांब प्लास्टिकच्या पिशव्यांत दाणे भरून ठेवले. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारनं सोयाबीनच्या निर्यातीसाठी डॉलरला २०० पेसो असा खास दर दिला. एरवीचा सरकारी दर होता १४० च्या आसपास. झालं! महिनाभरात साठवलेलं सोयाबीन धडाधड बाहेर आलं. ना पाऊस, ना दुष्काळ. बदलला फक्त चलनाचा दर.

आता सांगा, रुपया घसरला तर वाईटच ना? थांबा! तेल महागतं, घराघरांत फोडणी जपून पडू लागते, हे खरं. पण त्याच वेळी सोयाबीन पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळू शकतात. तेल स्वस्त झालं की याच्या उलट. आणि शेतकऱ्याच्या घरी तर दोन्ही बाजू असतात, कारण सोयाबीन विकणारं घरही तेल बहुधा दुकानातूनच आणतं! हा तराजू सांभाळायला सरकार आयातशुल्क बदलतं. कच्च्या खाद्यतेलांवरचं मूळ शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के केलं आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणलं. मोठा व्यापारी भाव सुधारेपर्यंत माल धरून ठेवतो. उधारीवर बी-खत आणलेल्या लहान शेतकऱ्याला मात्र थांबता येत नाही. काढणीच्या आठवड्यात जो भाव असेल, तोच त्याचा वर्षाचा भाव.

तेव्हा एक उद्योग करा. महिनाभर वहीत तीन आकडे लिहा : डॉलरचा दर, जवळच्या बाजार समितीतला सोयाबीनचा भाव आणि वाण्याकडचा तेलाचा भाव. कोण आधी हलतं, कोण मागून, ते पाहा. आणि ब्राझीलच्या पावसाची बातमी दिसली, तर पान उलटू नका!