दोष प्रशिक्षकांचा की खेळपट्टीचा?

सोलापूर - नोव्हेंबर २०२५ मध्ये गुवाहाटी कसोटीत दक्षिण आफ्रिकेने भारताला ४०८ धावांनी नमविले, तेव्हा पार्क चौकातील क्रिकेटरसिकांचा संताप एकाच नावावर केंद्रित झाला. ते नाव म्हणजे गौतम गंभीर. हा संताप अनाठायी नव्हता. परंतु त्याचा रोख योग्य जागी होता काय, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

जुलै २०२४ मध्ये राहुल द्रविड यांच्या जागी गंभीर आले. सोबत अभिषेक नायर, रायन टेन डोशाटे आणि मॉर्ने मॉर्केल असा नवा ताफाही आला. त्यानंतर काही महिन्यांतच न्यूझीलंडने भारताला मायदेशी ०-३ असे हरविले. २०१३ पासून मायभूमीत सलग १८ मालिका जिंकण्याचा विक्रम पुण्याजवळच्या गहुंजे येथे संपुष्टात आला. सोलापूरकरांना ही बाब विशेष बोचली. कसोटीतील पहिले भारतीय द्विशतक १९५५ मध्ये याच न्यूझीलंडविरुद्ध झळकाविणारे पॉली उम्रीगर हे मूळचे सोलापूरचेच!

नव्या ताफ्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मार्च २०२५ मधील चॅम्पियन्स करंडक आणि इंग्लंडमधील २-२ अशी बरोबरी ही कामगिरी लहान नव्हे. अश्विन, रोहित आणि विराट हे तिघेही अल्पावधीत कसोटीतून निवृत्त झाले. अशा संक्रमणकाळात कोणत्याही प्रशिक्षकाची कसोटीच लागते.

मग खटकते ते काय? गहुंजे येथे मिचेल सँटनरने फिरत्या खेळपट्टीवर सामन्यात १३ बळी घेतले. वर्षभराने कोलकात्यात पुन्हा तसाच सापळा रचला गेला आणि त्यात आपणच अडकलो. १२४ धावांचे लक्ष्य असताना ९३ धावांत सारा संघ गारद झाला. आम्हाला हवी तशीच खेळपट्टी मिळाली होती, असे गंभीर यांनीच पराभवानंतर सांगितले. तथापि ही चूक त्यांच्यापासून सुरू झालेली नाही. गहुंजे येथेच २०१७ मध्ये स्टीव्ह ओकीफने १२ बळी घेऊन भारताला ३३३ धावांनी हरविले, तेव्हा प्रशिक्षकपदी अनिल कुंबळे होते. प्रशिक्षक बदलले, आजार मात्र तोच राहिला.

फिरकी खेळण्याचे कसब देशांतर्गत क्रिकेटमध्ये घडते. जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. अशा मैदानांवर मोठे खेळाडू किती वेळा उतरतात? ऑस्ट्रेलियातील १-३ अशा पराभवानंतर जानेवारी २०२५ मध्ये मंडळाने देशांतर्गत सामने सक्तीचे केले. हे शहाणपण पराभवानंतरच का सुचावे?

प्रशिक्षक बदलणे हा सोपा उपाय असतो. एप्रिल २०२५ मध्ये नायर यांना जावे लागले. त्यामुळे कोलकाता टळले नाही. उलट २००७ मध्ये ग्रेग चॅपेल गेल्यावर पुण्याचे चंदू बोर्डे व्यवस्थापक म्हणून इंग्लंडला गेले आणि भारताने २१ वर्षांनी तेथे मालिका जिंकली. त्या यशामागे कुंबळे, द्रविड, सचिन, झहीर असा मुरलेला संघ होता, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा रसिकांनी जाब जरूर विचारावा; मात्र तो एकट्या प्रशिक्षकाला नव्हे. खेळपट्टी कोणाच्या सांगण्यावरून बनते, आणि ती अंगलट आल्यास उत्तर कोणी द्यायचे, हे मंडळाने एकदा स्पष्ट करावे. अन्यथा प्रशिक्षक येतील, जातील आणि गहुंजेची पुनरावृत्ती होतच राहील.