गुंगीचे औषध आणि जागता पहारा

जठराची वा आतड्याची दुर्बिणीने तपासणी करण्यासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वृद्धांना आता मुंबई गाठावी लागत नाही, ही सोय मोठीच आहे. मात्र या तपासणीचा खर्च किती, हे नातेवाईक विचारतात. गुंगीचे औषध कोणते व रुग्णावर लक्ष कोण ठेवणार, हे क्वचितच विचारले जाते.

तरुणास मानवणारी मात्रा सत्तरीतील रुग्णाचा श्वास रोखू शकते. १९८५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या मिडाझोलामने हा धडा दिला. श्वास मंदावून झालेल्या मृत्यूंच्या नोंदी पुढे आल्यानंतरच वृद्धांसाठी मात्रा घटविण्याचे इशारे निघाले. या औषधावर फ्लुमाझेनिलचा उतारा आहे; पण तो आधी ओसरतो आणि गुंगी पुन्हा चढू शकते. प्रोपोफोलने रुग्ण लवकर शुद्धीवर येतो; परंतु त्याने रक्तदाब उतरतो, आणि त्यावर उतारा नाही. २०२० साली अमेरिकेत मान्य झालेले रेमिमाझोलाम शरीरात त्वरेने विघटित होते व त्यावर उताराही चालतो. तथापि नवे म्हणजे निर्धोक नव्हे.

तात्पर्य, खरा प्रश्न औषधाच्या श्रेष्ठत्वाचा नाही. दुर्बिणीवर नजर असलेल्या डॉक्टरानेच श्वासावरही लक्ष ठेवावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. त्यासाठी स्वतंत्र, प्रशिक्षित माणूस हवा. प्रोपोफोल वापरायचे तर भूलतज्ज्ञच हवा. याने खर्च वाढेल, हा आक्षेप खोटा नाही. पण जठराच्या तपासणीत घशाला बधिर करणाऱ्या फवाऱ्यावरच अनेक वृद्धांचे भागते. जेथे गुंगी टळते तेथे ती टाळावी. जेथे द्यावीच लागते तेथे पहाऱ्यात काटकसर नको.

शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. आता ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आणखी एक पाऊल टाकावे. औषधाचे नाव, वयानुरूप मात्रा आणि लक्ष ठेवणाऱ्याचे नाव संमतिपत्रावर मराठीत लिहिले जावे, असा आग्रह धरावा. दर जाणण्याचा हक्क नागरिकांना मिळाला. आपल्या वडीलधाऱ्यांचा श्वास कोणाच्या हवाली केला जात आहे, हे जाणण्याचा हक्क त्याहून लहान नाही.