यंत्राला पहारा, माणसाला काय?

मतदान संपले की मतदानयंत्रे मोहोरबंद होऊन सशस्त्र पहाऱ्यात जातात. ती हाताळणारा कर्मचारी मात्र साहित्य जमा करून अपरात्री एकटाच घरी परततो. ही विषमता छत्तीसगडमध्ये विशेष जाणवते.

१२ एप्रिल २०१४ रोजी बिजापूर जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी मतदान पथकाची बस उडवली; सात निवडणूक कर्मचारी प्राणास मुकले. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी गरियाबंद जिल्ह्यात परतणाऱ्या पथकाच्या वाटेवर स्फोट होऊन भारत-तिबेट सीमा पोलिस दलाच्या जवानाला वीरमरण आले. अशा धोक्यामुळे बस्तरच्या दुर्गम केंद्रांवर पथके हेलिकॉप्टरने पाठवली गेली आहेत. कोण कोणत्या केंद्रावर जाणार, हेही संगणकीय सोडतीमुळे अखेरपर्यंत उघड होत नाही. माहिती राखून ठेवणे हेही संरक्षणच आहे, हे आयोगाला मान्य असल्याचा हा पुरावा होय.

मग भिलाईसारख्या शहरात हे तत्त्व का विसरले जाते? येथे भूसुरुंग नाहीत. परंतु लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १५९ व्या कलमानुसार शिक्षकांप्रमाणेच सरकारी कंपनीचे, म्हणजे पोलाद कारखान्याचे, कर्मचारीही निवडणूक कामासाठी मागवता येतात. रोजगारासाठी येथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे त्याला अपवाद नाहीत. ४ नोव्हेंबर २०२५ पासून राज्यात मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे नाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक घरोघरच्या अर्जांवर छापून गेला. या कामावर अंगणवाडी सेविका आणि शिक्षिका मोठ्या संख्येने असतात. नाव वगळले गेल्याचा राग काढण्यासाठी रात्री-अपरात्री कोणीही त्यांना गाठू शकतो, आणि काम संपले तरी क्रमांक लोकांकडे राहतोच.

मतदाराला अधिकारी सापडला पाहिजे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी खासगी क्रमांकाची गरज नाही. कामापुरता शासकीय क्रमांक देता येईल. १९५० या मदतवाहिनीमार्फत संपर्क जोडता येईल. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२२ मध्ये निवडणूक अधिकाऱ्यांची वैयक्तिक माहिती झाकण्याची कायदेशीर सोय केली. आपल्याकडे २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. तो हक्क सरकारी आदेश हाती पडताच संपत नाही.

मतदारयादीच्या कामात कसूर केल्यास १९५० च्या कायद्याचे ३२ वे कलम तीन महिने ते दोन वर्षे कैद सांगते. ४ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अतिरिक्त मनुष्यबळ देऊन या कर्मचाऱ्यांचा भार हलका करण्यास सांगितले. भार हलका करणे ही पहिली पायरी झाली. नकार देण्याची मुभा ज्याला नाही, त्याच्या जिवाची आणि घराच्या उंबरठ्याची हमी राज्यसंस्थेने दिलीच पाहिजे. मृत्यूनंतरचे सानुग्रह अनुदान हा त्या हमीचा पर्याय नव्हे.