अपग्रेड नको, आणि क्रॅक तर नकोच नको



२०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या माझ्या माहेरी पाणी शिरलं. ट्रंकेतले अल्बम भिजले, फोटो एकमेकांना चिकटले. ते गाठोडं भावानं इथं बावड्यात आणून दिलं. तेव्हापासून दुपारी फोटो स्कॅन करून डाग काढत बसते. माझं सॉफ्टवेअर जुनं, एकदाच पैसे देऊन घेतलेलं. आता रोज स्क्रीनवर सूचना: अपग्रेड करा, दरवर्षी पैसे भरा.

भाचा म्हणाला, "आत्ती, पैसे कशाला घालवतेस? क्रॅक टाकून देतो. सगळे तेच वापरतात."

सगळे म्हणजे कोण? आपणच ना! भाजीत बटाटा पडला तर ताट बाजूला सारणारे, दिवस मावळायच्या आत जेवणारे आपण. अचौर्य व्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान' आहे, म्हणजे दुसऱ्यानं चोरून आणलेला माल घेणं. "मी कुठं चोरी केली, पोरानं टाकून दिलं," ही सबब तिथं चालत नाही. माल हातात धरता येत नाही म्हणून तो माल नव्हे, असं कुणी सांगितलं?

मग पैसे भरायचे का? मला विचाराल तर नाही. मी कॉमर्सची. शिलाई मशीन घेतलं तर तो भांडवली खर्च, मशीन आपलं. भाड्यानं आणलं तर दर महिन्याचा खर्च, आणि मशीन दुसऱ्याचं. अॅडोबीनं मे २०१३ मध्ये जाहीर केलं, फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या यापुढे वर्गणीवरच. वर्गणी थांबली की फोटोशॉप बंद. इतर कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या. लग्नाच्या अल्बमवर ज्यांचं पोट चालतं त्यांनी जरूर भरावी. त्यांचा तो धंद्याचा खर्च, उत्पन्नातून वजा होतो. माझ्या दुपारच्या कामातून काय वजा करू?

"पण नवीन सोयी!" म्हणाल. नव्या आवृत्तीची फुकट चाचणी मी घेऊन बघितली. आजीच्या फोटोत डावा गाल पुरानं नेलाय. त्या एआयनं क्षणात गाल भरला, नथही घातली. चेहरा सुंदर, पण माझ्या आजीचा नव्हे. तिच्या गालावर देवीचे व्रण होते! पुरानं अर्धी नेली, उरलेली मी पैसे देऊन घालवू? मी तो गाल रिकामाच ठेवला. डाग तेवढे काढले, त्याला जुनं क्लोनचं साधन पुरतं.

उद्या कॉम्प्युटर बदलला आणि जुनं सॉफ्टवेअर चाललं नाही, तर गिम्प आहे. १९९६ पासून लोकांना फुकट मिळतंय, आणि वाटायची परवानगी बनवणाऱ्यांनीच दिलीय. शिकायला थोडं किचकट आहे खरं. भाच्याला म्हटलं, क्रॅक राहू दे, रविवारी येऊन ते टाकून दे. येतो म्हणालाय. अजून दोन अल्बम बाकी आहेत.