डॉलर आणि आपला काटा

हिंगणघाटच्या बाजारात बंडी उभी करून भाव विचारला, की ऐकायला मिळते, "न्यूयॉर्क पडलं ना भाऊ." डॉलर चढला, तर मात्र कोणी सांगत नाही. हा हिशेब आपला आपणच शिकला पाहिजे.

न्यूयॉर्कचा भाव निघतो पौंडभर रुईला, सेंटमध्ये. आपली खंडी ३५६ किलोची, म्हणजे ७८४ पौंडांची. ७० सेंट धरले तर खंडीचे ५४९ डॉलर. डॉलर ८० रुपयांचा असेल तर सुमारे ४३,९०० रुपये. ८५ चा असेल तर ४६,६००. चौतीस टक्के उताऱ्याने खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे डॉलर पाच रुपयांनी चढला की क्विंटलमागे अडीचशे रुपये वाढायला हवेत. सरकीचे वेगळे.

हा खेळ जुना आहे. १९२६ साली हिल्टन यंग आयोगाने रुपया १८ पेन्सांचा ठरवावा असे सांगितले. आयोगातले पुरुषोत्तमदास ठाकुरदास कापसाचेच व्यापारी. त्यांनी वेगळे मत नोंदवून १६ पेन्सांचा आग्रह धरला. का? लिव्हरपूलला रुई ९ पेन्स पौंडाने गेली, तर १६ पेन्सांच्या रुपयात ९ आणे होतात, १८ च्या रुपयात ८. माल तोच, गिऱ्हाईक तेच, आणा गेला! शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र एका पैनेही उतरले नाही. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सच कायम झाले.

मग उलटे घडले तेव्हा तरी आपल्याला मिळाले का? जुलै १९९१ मध्ये डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या घरात गेला. पण रुईच्या निर्यातीला कोटा होता, आणि महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी. एप्रिल २०१० आणि मार्च २०१२ मध्ये निर्यातच रोखली. ऑगस्ट २०२५ मध्ये डॉलर ८७ रुपयांवर असताना आयातीवरचे ११ टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. डॉलरने दिले, ते दिल्लीने काढून घेतले.

डॉलर चढला की डिझेल, खतही महागते, हे आम्ही नाकारत नाही. ज्वारीला त्याचे फारसे नाही, ती घरचीच. पण खर्चाला डॉलर लागू आणि कापसाला नाही, हा कुठला न्याय?

येत्या बैठकीला आपापल्या विक्रीच्या पावत्या घेऊन या. त्या त्या दिवसाचा न्यूयॉर्कचा भाव आणि डॉलरचा दर शेजारी मांडू, जिनिंग-वाहतूक वजा करू, आणि किती गळाले ते पाहू.