यार्डातले छोटे इंजिन

चंदीगडला लागून असलेल्या मुल्लानपूर येथून एका मराठी गृहस्थांचे पत्र गेल्या पावसाळ्यात या सदराकडे आले. नोकरीनिमित्त ते तिकडे स्थायिक झाले आहेत. घरात पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि अलीकडेच गावाकडून आणलेले वृद्ध वडील. वडिलांनी चौतीस वर्षे रेल्वेच्या एका मोठ्या यार्डात सांधेवाल्याचे काम केले. नव्या वसाहतीत त्यांना ओळखीचे कोणी नाही, पंजाबी बोलता येत नाही, आणि दुपारभर ते गॅलरीत बसून असतात. मुलाला वाढदिवसानिमित्त खेळण्यातली विजेची आगगाडी हवी आहे, तीही वंदे भारतच. ‘गाडी घ्यावी की नाही, आणि घ्यायची तर कोणती?’ एवढाच पत्राचा विषय होता. वडिलांविषयीचा मजकूर त्यांनी समासात, जाता जाता लिहावा तसा लिहिला होता. मला मात्र खरा प्रश्न समासातच दिसला.

मी उलट टपाली लिहिले, गाडी अवश्य घ्या. पण वंदे भारत नको, शंटिंगचे इंजिन घ्या.

यामागचा हिशेब सांगतो. नमुना-रेल्वेच्या छंदात सर्वांत रूढ माप एकास सत्त्याऐंशी हे आहे. म्हणजे खरी वस्तू ८७ फूट असेल तर नमुना १ फुटाचा. सोळा डब्यांची वंदे भारत गाडी सुमारे ३८४ मीटर लांब असते. या मापात ती जवळजवळ साडेचार मीटर भरेल. पत्रलेखकांच्या मुलाची खोली अकरा फूट बाय दहा फूट, म्हणजे गाडी खोलीहून लांब! डबे कमी करून ती चालवली तरी वर्तुळाकार रुळांवर तिने फिरत राहायचे आणि आपण पाहत राहायचे. पहिल्या दिवशी सारे घर गोळा होते, आठवड्याने धाकटी भावंडे तेवढी उरतात आणि महिन्याने गाडी माळ्यावर जाते. हा अनुभव पुष्कळ घरांतला आहे.

फिरणाऱ्या गाड्या पाहण्याचा आनंद मी कमी लेखत नाही. पुण्यात कोथरूडला कै. भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे एक अख्खे चिमुकले शहर आहे, त्यातून गाड्या धावतात, सिग्नल पडतात आणि प्रौढ माणसेही लहान मुलांसारखी काचेला नाक लावून उभी राहतात. परंतु तो एका माणसाच्या आयुष्यभराच्या कष्टांचा संसार आहे. दोन खोल्यांच्या घरात त्याची नक्कल करू जाणे व्यर्थ.

शंटिंगच्या इंजिनाचे तसे नाही. त्याला कोठेही जायचे नसते. डबे इकडचे तिकडे करणे, मालगाडी जुळवणे, तोडणे, पुन्हा जुळवणे हेच त्याचे काम, आणि ते दीड मीटर लांब फळीवर मावते. चाल मंद, पण ओढ जबर. चाके लहान आणि बहुधा बाहेरून दांड्यांनी एकमेकांशी जखडलेली, म्हणजे एखादे चाक घसरू लागले तर बाकीची त्याला आवरतात. दोन्ही दिशांना सतत जा-ये करायची असल्याने चालकाला पुढचे-मागचे दोन्हीकडचे दिसेल अशी त्याची खोली. इंग्लंडच्या रेल्वेने १९५२ ते १९६२ या काळात अशा एकाच जातीची ९९६ इंजिने बांधली. तिकडच्या छंदिष्टांत आवडते शंटिंग इंजिन कोणते असा विषय निघाला, की ‘शून्य आठ’ वर्गातल्या या इंजिनाचे नाव हमखास येते. अमेरिकन मंडळी आल्को कंपनीच्या जुन्या डिझेलांवर जीव टाकतात.

मराठी माणसाचे मन विचाराल तर ते खेकड्यावर जडेल. मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण होत असताना, १९२८ च्या सुमारास, घाटातल्या मालगाड्यांसाठी जी ४१ इंजिने आली, त्यांचे हे लाडके नाव. आरंभीची स्वित्झर्लंडमध्ये व बाकीची इंग्लंडात बांधलेली. मधोमध उंच खोली, दोन्ही टोकांना बसके लांब नाक आणि बाजूंनी खालवर हलणारे दांडे. नाव त्या दांड्यांमुळे पडले की त्याच्या चमत्कारिक कण्हण्यामुळे, यावर जुने लोक अजून वाद घालतात. उतारवयात खेकडे घाट सोडून मुंबईच्या यार्डांत शंटिंग करीत राहिले. मुल्लानपूरच्या मंडळींना दिल्ली काही दूर नाही. चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक खेकडा जपून ठेवलेला आहे, तो आजोबांना अवश्य दाखवावा. त्याच घराण्यातल्या स्विस ‘मगरी’चे नमुने युरोपात फार मानाचे समजले जातात. किंमतही तशीच असते, म्हणून नवशिक्याने ते दुरूनच पाहावे.

मग घ्यावे कोणते? आजोबांनी हयातभर ज्याच्या मागेपुढे काम केले ते इंजिन बहुधा चित्तरंजनच्या कारखान्यातले तीन आसांचे डिझेल असावे. १९६८ च्या सुमारास ते बांधले जाऊ लागले. शक्ती सुमारे ७०० अश्वशक्ती, आणि डिझेलची शक्ती चाकांपर्यंत पोचते ती तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेतून व दांड्यांमधून. याची घडण माक या जर्मन कंपनीच्या सहकार्याने झाली. जर्मन रेल्वेचे व्ही-साठ हे इंजिन याच कंपनीच्या पुढाकाराने १९५० नंतरच्या दशकात तयार झालेले, म्हणून दोघांच्या चेहऱ्यात नात्याचे साम्य दिसते. व्ही-साठचा नमुना अनेक जर्मन कारखाने काढतात आणि तो जेमतेम १२ सेंटिमीटर लांब असतो. भारतीय इंजिनांचे तयार नमुने दुर्मीळ आहेत, तेव्हा तोच घेऊन हवा तो रंग चढवावा. आपला रुंद मार्ग साडेपाच फुटांचा आणि नमुन्याचा रूळ युरोपी मापाचा, त्यामुळे चाके थोडी आत गेल्यासारखी दिसतील. आजोबांच्या नजरेला ते खुपेल, खुपू द्यावे. मात्र खरेदी करताना एक पाहावे. मधल्या तिसऱ्या संपर्कावर चालणारी मेर्क्लिनची पद्धत आणि दोन रुळांची सर्वसाधारण पद्धत यांचे एकमेकींशी जमत नाही.

लहान इंजिनाचा एक दोषही सांगितला पाहिजे. ते अडखळते. रुळांतूनच त्याला वीज मिळते आणि चाके थोडी असल्याने धुळीचा कण आडवा आला तरी ते जागीच थांबते. सांध्यात जेथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो तुकडा स्वस्त मालात प्लॅस्टिकचा असतो. तेथे तर हमखास. यासाठी तो तुकडा धातूचा व वीजवाहक असलेले सांधे घ्यावेत आणि रूळ आठवड्यातून एकदा स्पिरिटच्या फडक्याने पुसावेत. हे काम मुलाकडे द्यावे.

आता खेळ. ॲलन राइट या इंग्रज गृहस्थांनी रचलेली ‘इंगलनुक’ ही मांडणी मी पत्रलेखकांना सुचवली. एका रुळाला दोन सांधे लावून तीन सायडिंगे काढायची. सर्वांत लांब सायडिंगात पाच वाघिणी मावाव्यात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. सांध्यापलीकडच्या मोकळ्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी, याहून अधिक जागा ठेवायची नाही. (‘वॅगन’ची वाघीण करणाऱ्या आपल्या भाषेचे मला नेहमी कौतुक वाटते.) एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या आणि ज्या क्रमाने त्या निघतील त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगात उभी करायची. हाताने वाघीण उचलायची नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण असे क्रम ६,७२० होतात. दररोज एक गाडी जुळवली तरी अठरा वर्षे पुरतील.

या कामातले शहाणपण पुस्तकात मिळत नाही; ते यार्डातल्या माणसाकडे असते. कोणती वाघीण आधी बाजूला काढली म्हणजे पुढच्या दोन खेपा वाचतात, गाडी कोठे तोडावी, धक्का किती द्यावा, हे भुसावळ-मनमाडसारख्या ठिकाणी हजारो माणसांनी रात्री-बेरात्री, पावसापाण्यात, कंदील हलवीत शिकून घेतले. दोन वाघिणींच्या मधे शिरून जोडणीची सांकळ अडकवताना कित्येकांची बोटे गेली, काहींचे प्राणही गेले. १९८० नंतर सुटी वाघीण पाठवण्याची पद्धत मागे पडली, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अखंड मालगाडीच जाऊ लागली आणि जुनी यार्डे ओस पडली. वंदे भारतला तर दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. परतीच्या प्रवासासाठी इंजिन काढून दुसरीकडे लावण्याचा प्रश्नच नाही. हे सारे योग्यच झाले. बोटे जाण्याचा गौरव कोणी करू नये. पण त्या माणसांना जे येत होते, ते विचारायला आता कोणी येत नाही. म्हणून मी पत्राच्या शेवटी लिहिले, की सांधे हातानेच बदलायचे ठेवा, विजेची मोटर लावू नका. आणि सांध्याजवळची खुर्ची आजोबांची.

गेल्या महिन्यात पत्रलेखकांचे दुसरे पत्र आले. इंजिन यायला उशीर लागला, पण फळी आधीच तयार होती, आणि तोवर आजोबांनी आगपेट्यांच्या आठ वाघिणी करून त्यांवर खडूने क्रमांक घातले होते. मुलगा आधी रुसला होता. आता शाळेतून आला की चिठ्ठ्या काढतो आणि दोघांचे भांडण जुंपते. नातू सात खेपांत गाडी जुळवतो, आजोबा म्हणतात, पाचात होते, परत लाव. शेजारचा एक सरदारजी मुलगाही हल्ली येऊन बसतो. त्याला मराठी येत नाही आणि आजोबांना पंजाबी, पण हिरवी-तांबडी निशाणे दोघांना कळतात. पत्रलेखकांची एकच तक्रार आहे. संध्याकाळी सातला बातम्यांच्या वेळी आतून वडिलांचा आवाज येतो, ‘अरे हळू, हळू! वाघीण आपटतेस. आत माणूस उभा आहे.’